भावासाठी रानातच फार्म काढू, का एकर विकू देऊ?

वाळवा तालुक्यातल्या एका बहिणीनं लिहिलंय. वय ३१, सांगलीत नोकरी, घरी तीन वर्षांची मुलगी. माहेरी २६ वर्षांचा भाऊ, त्याला ऑटिझम आहे, अठराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हापासून मोबाईल आणि खिडकी एवढंच. तीन एकर रान आहे, ऊस आणि हळद. वडील म्हणतात एक एकर विकू आणि पुण्याकडं निवासी संस्थेत ठेवू, आमच्या मागं कोण बघणार. हिनं परदेशातल्या एका कम्युनिटी फार्मचा, म्हणजे दिव्यांग माणसं एकत्र राहून काम करतात तसल्या शेताचा, व्हिडिओ बघितला आणि आता तसंच आपल्या रानात काढायचं म्हणते. नवरा म्हणतो डोकं फिरलंय. भावाला मागं एकदा रानात नेलं तर तो कानावर हात ठेवून ओरडत घरी पळाला. "मावशी, मी वेडी आहे का? आणि नाही केलं तर स्वार्थी ठरेन का?"

अगं, दोन्ही नाहीस. पण आधी मला सांग, त्या दिवशी रानात ट्रॅक्टर रोटर मारत होता असं तूच खाली लिहिलंयस ना? मग पोरगं आवाजाला पळालं की, रानाला कुठं पळालं. आणि तोच पोरगा घरी तास तास बाटल्यांची झाकणं लहान-मोठी लावत बसतो हे तू पत्रात असं लिहिलंयस जणू तक्रारच आहे, मला तर तिथंच त्याचं काम दिसलं. हळद शिजवून वाळली की गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी, तुटकी वेगळी काढायची असतात ना, आपल्या बायका गप्पा मारत करतात ते. त्याला गप्पा नकोत, काम चालेल. पॉलिशच्या ड्रमजवळ मात्र नेऊ नको. उसात पण नको, पाला कापतो, कोयता असतो, साप असतात. आणि त्याला फिट येतात का ते लिहिलं नाहीस. ऑटिझम असलेल्यांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, तसं असेल तर कठडा नसलेली विहीर हा पहिला प्रश्न, फार्म नंतर. काही गोळ्यांनी ऊन पण सोसत नाही, डॉक्टरांना विचारून घे.

आता व्हिडिओचं. तसली शेतं खरी आहेत, खोटं काही नाही. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ १९४० च्या सुमारास कार्ल कोनिग नावाच्या डॉक्टरनं, जो स्वतः हिटलरच्या भीतीनं ऑस्ट्रियातून पळून आलेला, कॅम्पहिल सुरू केलं, तिथं सांभाळणारे आणि दिव्यांग माणसं एकाच घरात राहतात, एकाच ताटलीत नाही पण एकाच टेबलावर जेवतात. अमेरिकेत ओहायोमध्ये बिटरस्वीट फार्म्स १९८३ पासून आहे, ते तर मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांसाठीच काढलेलं. आणि एवढं लांब कशाला, आपल्या मुळशीत कोळवणकडं साधना व्हिलेज आहे, बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी माणसं तिथं राहतात, नव्वदच्या दशकापासून. वडिलांना घेऊन एकदा बघून ये. आणि जाशील तिथं खोल्या किती, फी किती एवढंच विचारून येऊ नको, सकाळी १० ते ४ इथली माणसं नेमकं काय करतात ते विचार, तेवढ्यावर संस्था कळते.

हो, वडिलांचं म्हणणं क्रूर नाही हं. "टाकून येणार" असा शब्द तू वापरलायस तो मला नाही आवडला. ६५ च्या माणसाला रात्री झोप लागत नसेल गं.

पण खरं बोलायचं तर मला तुझ्या प्लॅनमध्ये एकच गोष्ट खटकली, त्यात मंगळवारी सकाळी तिथं कोण असणार ते कुठंच नाही. तू सांगलीत ऑफिसला, नवऱ्याला पटत नाही, वडील थकलेले. म्हणजे आईच. आत्तापर्यंत २६ वर्षं तिनंच केलंय आणि आता वर फार्म पण तिच्याच गळ्यात! आणि एकटा भाऊ स्वतःच्याच रानात बसला तर तो फार्म कसला, घरची खिडकी रानात नेली एवढंच. त्याच्या जुन्या शाळेतल्या मुलांच्या आईबापांना फोन लाव. तीन-चार घरं जमली, आठवड्यातून तीन दिवस ९ ते १२, एक पगारी बाई किंवा गडी लक्ष ठेवायला, एवढ्यावर सुरू होतं. नाही जमली तर सध्या नको. भावाला मात्र त्या कामाचे पैसे द्यायचे, त्याच्या नावच्या खात्यात, गड्याला देता तसे. घरचाच म्हणून फुकट राबवायचं असेल तर त्याला फार्म म्हणू नको.

एकर आत्ता विकू नका. आधी कागद करा, लोक हेच राहू देतात. तो १८ च्या पुढं गेला म्हणजे कायद्यानं आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, ऑटिझमसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती असते तिच्याकडं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ते काढा. नॅशनल ट्रस्टचाच निरामया आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपी पण बसते त्यात, आणि आधी मेडिकल करावी लागत नाही. दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका. आणि वडिलांना मृत्युपत्र करायला सांग, पण "माझ्या नावावर करा, मी बघते त्याचं" असं तू चुकूनही म्हणू नको, चांगल्या मनानं म्हणालीस तरी गावात त्याचा अर्थ एकच निघतो.

स्वार्थाचं विचारलंस. नोकरी सोडू नको. महिन्यातून दोन रविवार पक्के दे, त्यात बदल नको, त्याला ठरलेलंच लागतं.

या रविवारी एवढंच कर. अर्धं पोतं वाळलेली हळद पत्र्याच्या शेडमध्ये सावलीत ओत, तीन घमेली ठेव, ट्रॅक्टर त्या दिवशी बंद. "चल काम कर" म्हणू नको. तू बसून निवडायला लाग आणि चुकून एक गड्डा हळकुंडांत टाक. तो येऊन उचलतो का बघ, आणि मला कळव.

तुझी मावशी