अमेरिकेत मेडिकलला अर्ज करायचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नेमके काय करावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही न्यू जर्सीत जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहात आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना अर्ज करणार आहात. येत्या उन्हाळ्यासाठी तुमच्यापुढे चार पर्याय आहेत: विद्यापीठातील प्रयोगशाळेत संशोधन, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या परावलंबी वृद्धांच्या निवासी केंद्रात, काम, काही हजार डॉलर भरून परदेशात तीन आठवड्यांची ‘वैद्यकीय सेवा सहल’, आणि पुण्यात काकांचे रुग्णालय, जिथे वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे तुम्हाला ऑपरेशनमध्ये हातही लावायला मिळेल. यांतला कोणता पर्याय अर्जाला सर्वांत जास्त बळ देईल, असे तुम्ही विचारले आहे.

मी मिरजेत एमबीबीएस करून अमेरिकेत आले, पेनसिल्व्हेनियात इंटर्नल मेडिसिनची डॉक्टर आहे आणि गेली नऊ वर्षे एका वैद्यकीय महाविद्यालयासाठी प्रवेशाच्या मुलाखती घेते. माझे उत्तर आधी सांगते आणि मग कारणे देते. नर्सिंग होममधले काम घ्या, आणि सुट्टी संपली म्हणून ते सोडू नका. संशोधनाची मनापासून ओढ असेल तरच प्रयोगशाळा निवडा. पैसे भरून करायची सहल यादीतून काढून टाका. पुण्याला जरूर जा, पण शेवटचे दोन आठवडे, आणि फक्त पाहण्यासाठी.

आपल्या घरांमध्ये या विषयावर गोंधळ होतो, त्याचे कारण आपल्या आईवडिलांनी पाहिलेली प्रवेशपद्धत वेगळी आहे. भारतात आज नीटच्या ७२० गुणांवर सगळे ठरते. विद्यार्थ्याने सुट्टीत काय केले हे कोणी विचारत नाही. इथे एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि पदवीचे ग्रेड लागतातच, पण तेवढ्यावर काम भागत नाही. दरवर्षी ५० हजारांहून अधिक अर्जदार असतात आणि एमडी अभ्यासक्रमाला (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) प्रवेश मिळतो तो २३ हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांना. ज्यांना मिळत नाही त्यांच्यातही उत्तम गुणांची मुले भरपूर असतात. हे कळल्यावर पालक अनुभवांकडेसुद्धा गुणांसारखे पाहू लागतात: संशोधनाचे इतके, सेवेचे इतके, परदेशवारीचे थोडे जास्त. अर्ज वाचणारे मात्र अशी बेरीज करत नाहीत. आजारी माणसाजवळ रोज उभे राहण्याचे आयुष्य या मुलीला किंवा मुलाला खरोखर माहीत आहे का, आणि माहीत असूनही ते हवे आहे का, हे आम्हाला समजून घ्यायचे असते.

अर्जाची रचनाही हेच सांगते. एएमसीएएस या सामाईक अर्जात अनुभवांसाठी जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीला ७०० अक्षरांची मर्यादा असते आणि त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात. त्या नोंदींपैकी तीनपर्यंत अनुभव ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्यांच्यासाठी आणखी १३२५ अक्षरे मिळतात. प्रत्येक अनुभवाचे तास, तारखा आणि खातरजमा करता येईल अशा व्यक्तीचा संपर्कही द्यावा लागतो. पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते की पंधराही जागा भरल्याच पाहिजेत, आणि मग तीन आठवड्यांच्या, दोन शनिवारांच्या, एका शिबिराच्या नोंदी येतात. मी अर्ज हाती घेते तेव्हा आधी ते तीन अनुभव वाचते. त्यांत माणसे दिसली नाहीत, तर उरलेल्या बारा नोंदींनी माझे मत सहसा बदलत नाही.

काही वर्षांपूर्वी एकाच दिवशी मी दोन मुलाखती घेतल्या होत्या, त्या अजून माझ्या लक्षात आहेत. पहिल्या उमेदवाराकडे दोन प्रयोगशाळा, एक परदेशी शिबिर आणि चार विभागांतले शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभे राहून त्यांचे काम पाहणे, असे सगळे होते. मी त्याला म्हटले, या सगळ्यांतला तुझ्या मनात राहिलेला एक दिवस सांग. तो बराच वेळ थांबला आणि मग ‘टीमवर्क’विषयी बोलू लागला. मुलगा हुशार होता, प्रामाणिकही होता. पण कोणत्याच ठिकाणी तो इतका काळ टिकला नव्हता की एखादा दिवस त्याच्या मनात राहावा. दुसऱ्या मुलीने एका उन्हाळ्यात वृद्धांना जेवण भरवण्याचे काम सुरू केले होते आणि पुढे वर्षभर रविवारी ती तिथे जात राहिली होती. पक्षाघातानंतर पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, म्हणून पाणीसुद्धा दाट करून द्यावे लागते. उभे राहून भरवले तर माणूस मान वर करतो आणि ठसक्याचा धोका वाढतो, म्हणून खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचे असते. हे ती बारकाईने सांगत होती. एके दिवशी तिथल्या एका आजोबांनी तोंड घट्ट मिटून घेतले, तेव्हा आपण चमचा खाली ठेवून नुसते बसून राहिलो, हेही तिने सांगितले. ते ऐकताना मला वाटले की हिला मी माझ्या वॉर्डात उद्यापासून उभी करू शकते.

नर्सिंग होमचा आग्रह धरते आहे तो यासाठी. (वडिलांना हा शब्द नीट समजावून सांगा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे लहान खासगी रुग्णालय. इथे नर्सिंग होम म्हणजे ज्यांना घरी सांभाळणे शक्य नाही अशा वृद्ध आणि परावलंबी माणसांचे दीर्घकाळ राहण्याचे ठिकाण.) तिथे स्वयंसेवक म्हणून जाता येते, पण शक्य असेल तर आधी सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचे, म्हणजे सीएनएचे, प्रशिक्षण घ्या. केंद्रीय नियमाप्रमाणे ते किमान ७५ तासांचे असते. काही राज्ये त्याहून जास्त तास मागतात. वसंत सत्रात संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ते उरकले, तर उन्हाळ्यात पगारी काम मिळते. अंघोळ घालणे, कूस बदलणे, डायपर बदलणे, उचलून खुर्चीत बसवणे ही कामे अंगमेहनतीची आहेत आणि पहिल्या आठवड्यात अनेकांना नकोशी होतात. तसे झाले तर ते आत्ताच कळणे तुमच्या भल्याचे आहे. पैशांसाठी काम केले तर अर्जात कमीपणा येतो, अशीही एक समजूत आपल्या लोकांत आहे आणि ती चुकीची आहे. ज्या विद्यार्थ्याला सुट्टीत कमवावे लागते त्याचा अर्ज आम्ही आदराने वाचतो, मग ती नोकरी किराणा दुकानातली असली तरी.

नर्सिंग होम जमले नाही, तर याच जातीची आणखी दोन कामे आहेत. न्यू जर्सीत गावोगावी स्वयंसेवकांची रुग्णवाहिका पथके आहेत. त्यासाठी ईएमटीचे, म्हणजे रुग्णवाहिकेतील तातडीच्या उपचारांचे, प्रशिक्षण लागते आणि ते सीएनएपेक्षा बरेच मोठे असते. दुसरे काम हॉस्पिसमधले, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस असलेल्या रुग्णांच्या सोबतीचे. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमानुसार हॉस्पिस संस्थांना रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के इतके काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावेच लागते, त्यामुळे त्यांना माणसे सतत हवी असतात. मात्र मरणाच्या जवळ बसण्याची तुमची तयारी आहे का, हे स्वतःला विचारूनच तिकडे जा.

इथे तुमच्या मराठीविषयी एक गोष्ट. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या परिसरात आपल्याकडचे वृद्ध मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यातल्या कोणाला दिवसभर इंग्रजीच कानांवर पडत असताना कोणी ‘आजी, जेवलात का?’ असे विचारले, तर त्या एका वाक्याने काय होते ते मी माझ्या रुग्णांत पाहिले आहे. ही भाषा तुमच्याकडे आहे, ती वापरा. पण गप्पा मारणे वेगळे आणि डॉक्टर व रुग्ण यांच्यामध्ये दुभाषी म्हणून उभे राहणे वेगळे. औषधाचा डोस, शस्त्रक्रियेची संमती, निदान या गोष्टी प्रशिक्षित दुभाष्यानेच सांगायच्या असतात. कोणी घाईत तुम्हाला पुढे केले, तर नम्रपणे नाही म्हणा.

संशोधनाबद्दल थोडक्यात सांगते. एमडी-पीएचडी करायचे असेल किंवा संशोधनावर भर असलेली महाविद्यालये डोळ्यांसमोर असतील, तर प्रयोगशाळा आवश्यक आहे. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू या पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन योजनेत साधारण दहा आठवडे विद्यावेतनासह काम करता येते. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते आणि अनेक ठिकाणी अर्जाची मुदत फेब्रुवारीतच संपते. पण एका उन्हाळ्यात शोधनिबंध प्रसिद्ध होईल ही अपेक्षा ठेवू नका. तुमच्याच विद्यापीठातील प्रयोगशाळा असेल, तर ती सत्र सुरू असतानाही आठवड्यातून दोन दुपारी करता येते. सीएनएचे पूर्णवेळ काम मात्र सुट्टीतच जमते. मी हा विचार करूनच वरचा क्रम लावला आहे.

आता परदेशी सहल आणि पुणे. ज्या देशात नियम सैल आहेत किंवा पाळले जात नाहीत, तिथे जाऊन टाके घालणे, इंजेक्शन देणे, दात काढणे असे अनुभव विकणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, परदेशातील अशा अनुभवांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि त्यांचा रोख स्पष्ट आहे: ज्या कामाचे तुम्हाला प्रशिक्षण नाही, ते दुसऱ्या देशातील गरीब रुग्णावर करू नका. असा उल्लेख अर्जात आला, तर त्याने बळ तर मिळत नाहीच, उलट नुकसान होते. काकांच्या ऑपरेशन थिएटरलाही हेच लागू आहे. वडिलांचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण टेबलावर भूल दिलेल्या ज्या बाईंनी संमती दिली आहे, ती तुमच्या काकांना दिली आहे. तुमच्या हातांना नाही. वैद्यकीय नोंदणी नसलेल्याने रुग्णावर उपचार करणे भारताच्या कायद्यातही बसत नाही.

तरीही पुण्याला जा, असे मी म्हणाले, कारण पाहण्यासारखे तिथे खूप आहे. इथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा पावसाळा. ऑगस्टमधल्या ओपीडीत डेंग्यू आणि तापाचे रुग्ण रांगेने येतील, आणि एक डॉक्टर दोन-तीन मिनिटांत काय विचारतो, काय सोडून देतो, खर्च परवडणार नाही हे ओळखून कोणती तपासणी टाळतो, हे कोपऱ्यात बसून पाहता येईल. जाण्याआधी महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्याच्या कामाविषयी वाचा: डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेले काम, आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचे काम, ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोन्ही ठिकाणी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनी प्रशिक्षण घेऊन बाळे वाचवली. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने हे लवकर समजून घ्यावे असे मला फार वाटते.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती तुम्ही करू नये म्हणून सांगते. माझ्या भाच्याला मी एका उन्हाळ्यात प्रयोगशाळा, रुग्णालयातील सेवा आणि एमकॅटचा अभ्यास असे तिन्ही एकत्र करायला लावले. साडेसात तासांची ती परीक्षा उरलेल्या वेळात अभ्यास करून देण्यासारखी नाही. त्याचे गुण कमी आले, प्रयोगशाळेतले काम अर्धवट राहिले आणि रुग्णालयात तो इतका थकलेला असे की त्याला तिथले काही आठवत नाही. पुढे त्याने एक वर्ष थांबून, नीट काम करून अर्ज केला. प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेले असतात, त्यामुळे ते वर्ष वाया गेले असे मी मानत नाही. त्याला झालेला मनस्ताप मात्र टाळता आला असता. तुमचा एमकॅट पुढच्या वर्षीच्या वसंतात ठेवता येईल असे पाहा.

तुम्ही व्हिसाबद्दल काही लिहिलेले नाही, पण आपल्या अनेक मुलांना हा प्रश्न पडतो. तुम्ही एच-४ वर, म्हणजे आईच्या किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असाल आणि काम करण्याची परवानगी नसेल, तर सीएनएची पगारी नोकरी घेता येणार नाही. त्याच ठिकाणी नियमित स्वयंसेवकांना दिले जाणारे काम विनावेतन करता येते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर काहीही स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

हे सगळे जानेवारीतच सुरू करावे लागते. लसीकरणाच्या नोंदी, क्षयाची चाचणी, पार्श्वभूमीची तपासणी यांत कित्येक आठवडे जातात, आणि उन्हाळ्यासाठीचे स्वयंसेवक बरीच रुग्णालये मार्च-एप्रिलपर्यंतच घेतात. या आठवड्यात दोन-तीन नर्सिंग होमना फोन करा आणि शक्य तर स्वतः जाऊन वास, आवाज, कर्मचाऱ्यांचे बोलणे पाहून या. काम सुरू झाले की एक वही ठेवा. तारीख, तास, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, आणि त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट एवढेच लिहा. रुग्णाचे नाव, खोली क्रमांक किंवा ओळख पटेल असे काहीही त्यात नको, कारण रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हिपा कायदा तुम्हालाही लागू असेल. पुढच्या मे महिन्यात ७०० अक्षरांची ती चौकट भरायला बसाल, तेव्हा शिफारसपत्रासाठी तिथल्या मुख्य परिचारिकेलाही विचारा. तुम्हाला रोज काम करताना तिने पाहिलेले असेल.