घरच्या सुतारकामासाठी कॉर्डलेस ड्रिल १२ व्होल्टचे घ्यावे की १८ व्होल्टचे?

पुण्यातील सदनिकेच्या बाल्कनीत फळ्या, स्टूल, लहान कपाटे करण्यासाठी आपण हे विचारले आहे. माझ्या मते ड्रिलच्या आधी बॅटरी निवडावी, कारण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही आणि पुढे जिगसॉ (वळणदार कापणारी करवत) किंवा सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र) घेताना त्याच बॅटरीवर चालणारे नुसते यंत्र घेतले, तर बराच खर्च वाचतो. प्लायवूडमध्ये स्क्रू बसवण्यापुरते १२ व्होल्ट पुरतात. सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) चालवायचा बेत असेल, तर १८ व्होल्टच घ्यावे. खोक्यावरील ‘२० व्होल्ट मॅक्स’ला भुलू नये: बॅटरीतील पाच सेल भार नसताना प्रत्येकी सुमारे ४ व्होल्ट दाखवतात, पण काम करताना धरायचा त्यांचा सरासरी (नॉमिनल) विद्युतदाब प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे यंत्र १८ व्होल्टचेच. काँक्रीटच्या बीममध्ये पडद्याचा रॉड बसवायचा असेल, तर मात्र साध्या ड्रिलचे बिट (भोक पाडणारी सळई) नुसते तापत राहते. तेथे एसडीएस बिटाचे (खाचा असलेल्या दांड्याच्या बिटाचे) रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडणारे यंत्र, लागते, आणि वर्षाकाठी चार भोकांसाठी ते भाड्याने आणलेलेच बरे. रविवार पेठेत बोहरी आळीत खरेदीला गेलात, तर चकमध्ये (बिट पकडणाऱ्या तोंडात) लांब बिट लावून ड्रिल सावकाश फिरवावे. टोक डगमगत असल्यास दुसरे मागावे.