होली स्प्रिंग्जच्या हिल क्रेस्ट दफनभूमीत कोणते राजकारणी पुरले आहेत?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील या लहानशा शहरातील सर्वांत महत्त्वाची कबर, माझ्या मते, हायरम रेव्हल्स यांची आहे. 1868 मध्ये नॅचेझ शहराचे नगरसेवक झालेले हे मेथॉडिस्ट धर्मोपदेशक पुढे राज्याच्या सिनेटवर गेले आणि 25 फेब्रुवारी 1870 रोजी अमेरिकी सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य म्हणून त्यांनी शपथ घेतली. ते आवश्यक तितकी वर्षे नागरिक नाहीत, असा आक्षेप घेऊन विरोधकांनी त्यांना रोखण्याचा प्रयत्न केला होता, परंतु तो 48 विरुद्ध 8 मतांनी फेटाळला गेला. सिनेटमध्ये ते जेमतेम एक वर्ष होते; त्यानंतर ते आल्कॉर्न या कृष्णवर्णीयांसाठीच्या नव्या महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले आणि 1901 मध्ये अ‍ॅबरडीन येथे चर्चच्या परिषदेस गेले असताना त्यांचे निधन झाले.

याच आवारात यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले सेनानी एडवर्ड वॉल्थॉल (मृत्यू 1898) यांचीही कबर आहे. 1885 मध्ये तेही मिसिसिपीतर्फेच सिनेटवर गेले, मात्र तोवर कृष्णवर्णीयांचा मताधिकार राज्यात बराचसा दडपला गेला होता. विनफिल्ड फेदरस्टन हे आणखी एक सेनानी. युद्धापूर्वी ते अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते.