वाऱ्याच्या खुणा वाचताना

आधी रायफलचा स्कोप (नेमाची दुर्बीण) फर्स्ट फोकल प्लेनचा आहे (झूमबरोबर आतल्या खुणाही लहानमोठ्या होतात) की सेकंड (खुणा तेवढ्याच दिसतात), ते बघा. सेकंड असेल तर खुणांचं माप एकाच झूमवर खरं, बहुधा सर्वांत जास्त. झूम निम्म्यावर आणला की 1 मिलची (मिल हे कोनाचं माप) खूण 2 मिलची होते. 1 मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंमी, 300 वर 30.

वारा डावीकडून असेल तर गोळी उजवीकडे सरकते, म्हणून उजवीकडची खूण लक्ष्यावर ठेवायची. नवखे इथेच हमखास उलटं करतात. नेमाच्या रेषेशी 45 अंशांतून येणारा वारा निम्मा धरू नका, तो पूर्ण आडव्या वाऱ्याच्या 0.7 भरतो, निम्मा 30 अंशांचा. बीडीसी रेटिकलवरचे (अंतरानुसार गोळी खाली येते ते भरून काढणाऱ्या खुणांच्या नेमजाळीवरचे) ठिपके ठरावीक काडतूस आणि ठरावीक वाऱ्यासाठी, बऱ्याचदा ताशी 10 मैल, आखलेले असतात. मॅन्युअल वाचल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.