राज्यसेवेच्या अभ्यासाला टेलिग्राम-यूट्यूब पुरतं का, की मोबाईल बंदच करावा?

तुमचं बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे, गावी राहूनच महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवा परीक्षेची तयारी करायची आहे, मित्र म्हणतात सगळं टेलिग्राम-यूट्यूबवर मिळतं आणि घरचे म्हणतात मोबाईल कपाटात ठेव. मी हिंगोली जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी राहून हीच तयारी करते. मी म्हणेन, मोबाईल ठेवा. पण त्यात दिवसभर जे वाजत राहतं, त्यातलं फार थोडं अभ्यासाचं असतं, हे आधीच धरून चाला.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे उत्तरं स्वतः लिहायची. लेखी 1750 गुण, मुलाखत 275. त्याआधी मुख्यचे बहुतेक पेपरही पर्याय निवडायचे होते. टेलिग्रामवरची कितीतरी चॅनल अजून त्याच सवयीने चालतात: प्रश्न, चार पर्याय, बोट लावलं की हिरवी खूण. पूर्व परीक्षेच्या उजळणीला हे चांगलं आहे, मीही कुठे रांगेत उभी असताना सोडवते. पण एक उदाहरण बघा. प्रश्न येतो, महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज कधी सुरू झालं? 1 मे 1962. बरोबर. त्या क्विझमध्ये स्पष्टीकरणाला जेमतेम 200 अक्षरांची जागा असते, त्यामुळे खरी गोष्ट तिथे मावतच नाही. बलवंतराय मेहता समितीने 1957 च्या अहवालात भर दिला होता पंचायत समितीवर. वसंतराव नाईक समितीने 1961 मध्ये महाराष्ट्रासाठी बळ दिलं जिल्हा परिषदेला. तालुका सोडून जिल्हा का? त्याने काय साधलं, आणि गावाच्या हातातून काय गेलं? मुख्यचा अभ्यास इथून सुरू होतो. आणि हा विषय तर आपल्या दाराशी आहे! आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पंचायत समितीच्या कार्यालयात चकरा मारल्या. अशा मुलांनी हे उत्तर पुण्यातल्या कुणापेक्षाही चांगलं लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लिहिण्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली ऑनलाइन गोष्ट म्हणजे आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप. हिंगोली, परभणी, नांदेडकडची मोजकी मुलं-मुली आहोत, बरेच जण एकमेकांना कधी भेटलेलेही नाहीत. सकाळी एक प्रश्न पडतो. रात्रीपर्यंत प्रत्येकाने हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो टाकायचा आणि दुसऱ्या एकाचं उत्तर तपासायचं. शेरे मोघम नकोत, हा नियम. ‘छान लिहिलंस’ चालत नाही. ‘प्रश्नात टीकात्मक परीक्षण करा म्हटलंय, तू नुसती माहिती दिलीस’, ‘प्रस्तावनेतच अर्धं पान गेलं’, ‘आकडा दिलास, वर्ष दिलं नाहीस’ असं लिहावं लागतं. फॉरवर्ड टाकलं की अॅडमिन ताबडतोब काढतो. क्लासची फी आणि पुण्यातली खोली ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी याहून मोठी सोय मला तरी माहीत नाही. असा ग्रुप शोधत बसू नका, चार जण मिळाले की स्वतः सुरू करा.

साहित्याचं म्हणाल तर मुळातलं वाचा, कारण ते फुकट आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, ती अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर मराठीतून मिळते. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. केंद्राच्या योजनांची मराठी प्रसिद्धीपत्रकं पीआयबी, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतात. चॅनलवर फिरणाऱ्या नोट्स बहुधा यातूनच उचललेल्या असतात, आणि उचलताना आकडा बदलतो, ‘किमान’ हा शब्द गळतो. एआय चॅटबॉटचंही तेच. राज्यघटनेच्या कलम 243 डीमध्ये पंचायतीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा आहेत, महाराष्ट्राने 2011 मध्ये कायद्याने त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. मला एकदा या दोन्हींची सरमिसळ केलेलं उत्तर मिळालं, तेही अगदी ठाम भाषेत. म्हणून आधी आपलं उत्तर लिहायचं, मग चॅटबॉटला विचारायचं की यात काय राहिलं, आणि त्याने जे सांगितलं ते पुस्तकात बघायचं. उत्तर त्याच्याकडून लिहून घेतलं तर परीक्षेच्या हॉलमध्ये हात चालणार नाही.

यूट्यूबवर मी एखादी संकल्पना अडली तरच जाते. टॉपरच्या मुलाखती बघत नाही. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण त्या मुलाखतींखाली बऱ्याचदा क्लासची जाहिरात असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी उमेदवाराचा फोटो लावायचा तर त्याची संमती घ्यायची, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरून की मोफत, हेही सांगायचं. पैसे भरण्याआधी जाहिरातीत हे लिहिलंय का, ते नक्की पाहा. घरचे शेत गहाण ठेवून फी भरतात, ही आपल्याकडे ऐकीव गोष्ट नाही.

आता तारखांच्या अफवांबद्दल, कारण सगळ्यात जास्त जीव त्यातच जातो. 14 मार्च 2021 ची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, पुण्यात शास्त्री रोडवर मुलं रस्त्यावर उतरली, मग 21 मार्च ही तारीख आली. 2024 मध्ये 25 ऑगस्टची पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी येत होती. पुन्हा आंदोलन झालं, परीक्षा पुढे गेली आणि 1 डिसेंबरला झाली. दोन्ही वेळा मुलांचा आवाज सोशल मीडियामुळेच राज्यभर पोहोचला, ती ताकद मी कमी लेखणार नाही. पण अशा दिवसांत बनावट पत्रकं आणि ‘आतून कळलंय’ असे मेसेजही तेवढ्याच वेगाने फिरतात, आणि परीक्षा होणार की नाही या धास्तीत मुलं पुस्तक मिटून बसतात. आयोगाचं संकेतस्थळ आणि एक्सवरचं अधिकृत खातं, एवढंच बघा. तिथे नसेल तर तारीख बदललेली नाही असं समजून वाचत राहा.

घरच्यांना हेही सांगा की अर्ज, ओटीपी, प्रवेशपत्र, निकाल सगळं मोबाईलवरच येतं. त्यांची काळजी मात्र खोटी नाही. रात्री अभ्यासाला बसताना मी मोबाईल आईच्या खोलीत ठेवते, तुम्हीही घरात अशी एखादी जागा ठरवा.

सुरुवात करायची असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावरून मागच्या पूर्व परीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पेपर उतरवून छापून घ्या. 100 प्रश्न, दोन तास, घड्याळ लावून सोडवा. प्रत्येक चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा करायला विसरू नका. तपासताना अंतिम उत्तरतालिका घ्या, कारण पहिल्या तालिकेवर हरकती येतात आणि काही उत्तरं बदलतात.