टॉर्क रेंचने आवळूनही क्रशरच्या गिअरबॉक्सचे बोल्ट पुन्हा पुन्हा ढिले का होतात?

तुम्ही लिहिलंय की खडी क्रशरच्या मोठ्या कन्व्हेअरचा गिअरबॉक्स चॅनेलच्या बेसवर एम२४ (२४ मिलीमीटर व्यासाच्या), ८.८ ग्रेडच्या (मजबुतीच्या दर्जाच्या) बोल्टांनी बसवलाय. टॉर्क रेंचने ७६० न्यूटन-मीटर टॉर्क (नट फिरवण्याचा जोर) लावता, खाली स्प्रिंग वॉशर आहेत, पकडीची जाडी (बोल्ट ज्यांना एकत्र दाबतो त्या भागांची एकूण जाडी) सुमारे ४० मिलीमीटर आहे. तरी पंधरवड्यात बोल्ट ढिले होतात, म्हणून आता १०.९ ग्रेडचे घालावेत का, असं विचारताय.

नुसता ग्रेड बदलून काही होणार नाही. टॉर्क तोच ठेवला तर १०.९ च्या बोल्टात ताणही तेवढाच येईल. पोलाद दोन्हीकडे सारखंच ताणलं जातं, १०.९ चं फक्त जास्त भार सोसतं. तुमचा बोल्ट तुटत नाहीये, पकड सोडतोय. हा आजार वेगळा आहे.

आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली, फार कडक स्प्रिंग. त्याच्या ताणामुळे गिअरबॉक्सचा पाय आणि बेस एकमेकांवर दाबून धरले जातात आणि त्या दाबामुळे येणारं घर्षण गिअरबॉक्सला सरकू देत नाही. म्हणजे आपल्याला हवा असतो ताण. टॉर्क रेंच मात्र नट फिरवायला किती जोर लागला एवढंच सांगतो. त्या जोराचा निम्मा भाग नटाच्या तळाशी घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. त्यामुळे घर्षण थोडं बदललं की ताण भलताच बदलतो. चांगला रेंच टॉर्क ४ टक्क्यांच्या आत दाखवतो, पण त्यातून मिळणारा ताण २५ ते ३० टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो.

तुमच्याच बोल्टाचा हिशोब मांडतो. एम२४ चं ताण घेणारं क्षेत्रफळ ३५३ चौरस मिलीमीटर. ८.८ ला प्रूफ भार (बोल्ट कायमचा न ताणता सोसू शकतो तो भार) साधारण २१२ किलोन्यूटन, त्याच्या ७५ टक्के म्हणजे १५९ किलोन्यूटन, ढोबळमानाने १६ टन. ७६० चा आकडा याच हिशोबातून आलेला दिसतो, कोरड्या आणि स्वच्छ आट्यांसाठी नट फॅक्टर (टॉर्क आणि ताण जोडणारा, घर्षणावर ठरणारा गुणांक) ०.२ धरून. आता आटे गंजलेले असतील, त्यात क्रशरची धूळ बसली असेल, तर गुणांक सहज ०.३ होतो आणि त्याच ७६० ला ताण येतो अकरा टनांपेक्षाही कमी. उलट कुणी आट्यांना मोलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं, फार निसरडं) ग्रीस चोपडलं आणि आकडा तोच ठेवला, तर ताण २६ टनांच्या वर जातो. हा बोल्ट पावणेचोवीस टनांच्या आसपासच कायमचा ताणला जातो. ठरवलेला टॉर्क आला की रेंच करतो ती ‘टक’ मात्र दोन्ही वेळा सारखीच.

म्हणून पहिलं काम वंगण ठरवणं. आटे वायर ब्रशने साफ करा, आट्यांना आणि नटाच्या तळाला दर वेळी एकच वंगण लावा, आणि टॉर्क त्या वंगणाप्रमाणे ठरवा. साध्या तेलाला गुणांक ०.१५ धरला तर ५७० न्यूटन-मीटर पुरतात. पान्याला पाईप लावून लोंबकळणं आजपासून बंद.

मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त खटकले ते ४० मिलीमीटर. एवढ्या आखूड पकडीत १६ टनांना बोल्ट लांबतो किती? ०.०९ मिलीमीटर. मशीन चालू झालं की पृष्ठभागावरचे उंचवटे चेपतात, पायाखालचा रंग दबतो, शिम (पायाखाली घातलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या) बसतात. त्यात ०.०३ मिलीमीटर गेला तरी पाव भागाहून जास्त ताण संपला, आणि नट किंचितही फिरलेला नसतो. हाच बोल्ट १०० मिलीमीटर पकडीचा असेल तर तो ०.२२ मिलीमीटर लांबतो आणि तेवढ्याच चेपण्याने ताणाचा दहावा भागच काय तो जातो. म्हणून खाली जागा असेल तर साठेक मिलीमीटर उंचीचा जाड पोलादी बुश (नळीसारखा तुकडा) घाला, दोन्ही तोंडं लेथवर समांतर करून, आणि लांब बोल्ट वापरा. जमल्यास पकडीची जाडी बोल्टाच्या व्यासाच्या चार-पाच पट ठेवावी. जड मशीनवर यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही.

लांब बोल्टाचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही टोकं उघडी असतील तर आवळण्याआधी आणि नंतर मायक्रोमीटरने लांबी मोजता येते. ती वाढ म्हणजे खरा ताण, त्यात घर्षणाचा संबंधच नाही. मोठ्या स्टडना (डोकं नसलेल्या, आटे पाडलेल्या दांड्यांना) हायड्रॉलिक टेन्शनर लावतात तेही याचसाठी. तो नट फिरवत नाही, स्टडच सरळ ओढतो. तुमच्या एम२४ ला त्याची गरज नाही.

बेसकडेही बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या चॅनेलचा फ्लँज (कडेची पट्टी) आतून उतरता असतो. तिथे तो उतार भरून काढणारा टेपर वॉशर नसेल तर नट एका कडेवर टेकतो, बोल्ट वाकतो आणि ती कडा चेपत राहते. डोक्याखालचा आणि पायाखालचा रंग खरवडून काढा, कडक केलेले जाड वॉशर घाला. मग बाकीचे बोल्ट आवळलेले ठेवून एकेक बोल्ट सैल करा आणि डायल गेजने पाय उचलतो का ते बघा. ०.०५ मिलीमीटरपेक्षा जास्त उचलला तर शिम करा, पण पातळ शिमांची चळत रचू नका.

स्प्रिंग वॉशर काढून टाका. १६ टनांच्या कितीतरी आधी तो सपाट होतो आणि मग त्यात स्प्रिंग उरत नाही. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की आडव्या कंपनाने सांध्याची तोंडं एकमेकांवर घसरू लागली की नट आपोआप सुटतो. त्याच्या नावाच्या चाचणीत स्प्रिंग वॉशर वाईट रीतीने नापास होतात. पुरेशी पकड हाच मुख्य इलाज. वर आणखी खात्री हवीच असेल तर वेज-लॉक वॉशरची (एकमेकांत बसणाऱ्या उतरत्या दातांच्या, नट उलटा फिरू न देणाऱ्या वॉशरची) जोडी वापरा.

आवळताना समोरासमोरचे बोल्ट घ्या: आधी तीस टक्के, मग सत्तर, मग पूर्ण. शेवटी पूर्ण टॉर्कवर आणखी एक फेरी, कारण शेजारचा आवळला की आधीचा थोडा सैलावतो. काही तास लोडवर चालवून मशीन बंद आणि लॉक करून पुन्हा तपासा. इथे एक लक्षात ठेवा: थांबलेला नट हलवायला जास्त जोर लागतो, त्यामुळे रेंच लगेच टकटकला म्हणजे ताण शाबूत आहे असं नाही. नटावर आणि पायावर पेंटची एक रेघ ओढून ठेवा, नट फिरला तर ती सांगेल. रेघ जुळूनही पकड जात असेल तर सांधा चेपतोय.

एवढं बारकाईने सांगतोय कारण कमी ताणाचा बोल्ट नुसता ढिला होत नाही, तो थकतो. सांधा घट्ट दाबलेला असला की बाहेरच्या बदलत्या भाराचा थोडाच वाटा बोल्टाकडे येतो. सांधा उघडू लागला की जवळजवळ सगळा. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ ला दोन नंबरच्या टर्बाइनचं झाकण धरणारे स्टड तुटले, पाणी उसळलं आणि ७५ माणसं गेली. तपासात बहुतेक स्टडवर कंपनाने थकून पडलेल्या जुन्या तडा सापडल्या. तुमच्या गिअरबॉक्सखालीही माणसं वावरतात.

आत्ता लावलेले बोल्ट पुन्हा वापरू नका. ते किती ताणले गेलेत हे आता कळणार नाही. नवे घेताना डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण दोन्ही आहेत ना ते बघा, आणि नटही त्याच दर्जाचा, ८ चा घ्या.