उठायची वेळ एकच ठेव

प्रिय मुली,

परवा जिन्यात तू म्हणालीस, "मावशी, माझ्यात शिस्तच नाही." मैत्रिणीच्या नादाने पहाटे चारचा गजर लावलास, तीन दिवस उठलीस, चौथ्या दिवशी अभ्यासिकेत टेबलावरच डोळा लागला आणि रविवारी अकरापर्यंत अंथरुणात होतीस. तुझा तो उतरलेला चेहरा डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून आज उठल्या उठल्या लिहायला बसले.

शिस्तीचं नाव काढू नकोस. बिघडलंय ते एवढंच, की तुझी उठायची वेळ रोज निराळी आहे. चार, आठ, साडेसहा, अकरा. शरीराने कशाचा मेळ घालायचा? उठायची वेळ एकच ठेव. चार नको, सहा घे. पण मग रविवारीही सहा, मेस बंद असेल त्या दिवशीही सहा, गावाला आईकडे गेलीस तरी सहा.

हे मी वॉर्डात शिकले. पेशंटच्या खाटेला तापाचा चार्ट अडकवलेला असायचा. ज्याला ताप नाही, त्याचंही तापमान संध्याकाळी जरासं चढतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली येतं. चार्टवरची ती रेघ रात्रीमागून रात्री तशीच वर चढायची, तशीच खाली यायची. नेमक्या त्याच वेळी आम्हा सिस्टरांनाही हुडहुडी भरायची. मे महिन्यातसुद्धा स्वेटर अंगात घालून औषधं काढायचो. शरीरात आत घड्याळ चालू असतं, आपण जागे असलो तरी. हे घड्याळ पेशीत कसं चालतं, ते फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं.

हे घड्याळ लागतं सकाळच्या उजेडाने. डोळ्यांवर सकाळी उजेड पडला, की रात्री झोप कधी यायची तेही ठरून जातं. रविवारी तू अकराला पडदा सरकवतेस, म्हणजे घड्याळ मागे पडलं. मग रात्री दोनपर्यंत टक्क जागी, आणि सोमवारी सकाळी स्वतःला आळशी म्हणत बसायचं. अगं, तो सोमवार रविवारीच बिघडलेला असतो!

तू म्हणशील, मी जन्मजात रात्रीची आहे. असतात तशी माणसं, आणि विशीच्या आसपास तर घड्याळ सगळ्यात उशिराकडे झुकलेलं असतं. म्हणूनच चारचा हट्ट सोड म्हणते. मैत्रीण ब्राह्ममुहूर्ताचा दाखला देते ना? तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे त्या दिवसांत तो साडेपाचच्या सुमारास लागतो. चारचा आकडा कुणी ठरवला? आणि यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर सकाळी ९:३०ला असतो. रात्री दोनला तल्लख चालणारं डोकं तिथे काय कामाचं?

झोप मात्र कापू नकोस. मोठ्या माणसाला किमान सात तास हवेतच. संध्याकाळी सातचा टपरीवरचा चहा बंद कर. त्यातलं निम्मं कॅफीन उतरायलाच पाचेक तास जातात. झोपायच्या वेळेवरून मात्र स्वतःशी भांडू नकोस. झोप आपल्या हातात नाही, उठणं आहे. उठायची वेळ धरलीस, की रात्री डोळे आपसूक मिटायला लागतील. आणि उठून खोलीतल्या ट्यूबलाइटखाली पुस्तक उघडू नकोस. बाहेर पड. पावसाळी ढगातूनही खोलीच्या कितीतरी पट उजेड येतो. सारसबागेपर्यंत चालत जा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलीस तर फारच उत्तम.

मी इतकी हट्टाने का सांगते? माझ्या नोकरीत दर आठवड्याला पाळी बदलायची. मॉर्निंग, ईव्हिनिंग, नाइट. एकच पाळी द्या म्हणून मी अर्ज केले, कुणी दाद दिली नाही. मुलाच्या शाळेच्या सकाळी मी एकतर वॉर्डात असायचे, नाहीतर डोळ्यांवर ओढणी टाकून पडलेली. त्याचा डबा सासूबाईंनी भरला. त्या सकाळी मला परत मिळणार नाहीत, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून रिटायर झाल्यापासून माझे साडेपाच मी कुणाला देत नाही. भाचीच्या लग्नातून मी रात्री नऊलाच घरी निघाले, तर बहीण अजून बोलून दाखवते. बोलू दे. विसर्जनाची मिरवणूक मीही बघते, लक्ष्मी रोडला रात्री उशिरापर्यंत उभी राहते, पण दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच उठते आणि झोप दुपारी अर्धा तास भरून काढते. घरचे याला हेका म्हणतात. असेल. या हेक्यानेच माझी डोकेदुखी गेली, भूक वेळेवर लागायला लागली आणि सकाळी कुणी हाक मारली तर मी करवादत नाही. तुला तर पाळ्या नाहीत, मुली. तुझी सकाळ कुणी रोस्टरवर लिहीत नाही. मग ती अशी उधळतेस कशाला?

या रविवारी सव्वासहाला खाली ये, पर्वतीला जाऊ. शनिवारी रात्री किती वाजता झोपलीस, ते मी विचारणार नाही.

तुझी,
मावशी